भिंत पाहून सांगितलेला दर

गावगाड्यातल्या सुताराला किंवा लोहाराला प्रत्येक कामाचा वेगळा दर सांगावा लागत नसे. वर्षभर केलेल्या कामाचा मोबदला त्याला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने, म्हणजे बलुते म्हणून, मिळत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ज्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन केले आहे, तिच्यात कारागीर आणि कुणबी एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असल्यामुळे किमतीचा प्रश्न कामागणिक नव्याने उपस्थित होत नसे. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या गृहनिर्माण संस्थेत सदनिका रंगवण्यासाठी बोलावलेल्या रंगारी ठेकेदाराची स्थिती याच्या अगदी उलट असते. घरमालक त्याला ओळखत नाही, त्याने घर कधी पाहिलेले नसते, आणि अर्ध्या तासाच्या भेटीत त्याला एक आकडा सांगायचा असतो, जो कमी निघाला तर त्याचे नुकसान होते आणि जास्त निघाला तर काम दुसऱ्याकडे जाते. स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या कारागिराच्या कौशल्यात या अर्ध्या तासाचा वाटा ब्रशाइतकाच असतो, मात्र व्यवसायाबद्दल लिहिताना त्याचा विचार क्वचितच होतो.

या धंद्यात दर ठरवण्याच्या तीन-चार रीती रूढ आहेत. ‘हजेरी’वर, म्हणजे रोजच्या मजुरीवर, काम दिले तर जितके दिवस लागतील तितके पैसे मालक मोजतो, त्यामुळे काम लांबण्याचा धोका मालकाच्या अंगावर राहतो. ‘उक्ते’ काम म्हणजे पूर्ण कामाची एकच ठोक रक्कम. येथे काम लांबले, माल जास्त लागला किंवा भिंतीने दगा दिला तरी तोटा ठेकेदाराचा. या दोहोंच्या मध्ये चौरस फुटाचा दर असतो, आणि त्यातही ‘लेबर रेट’, म्हणजे माल मालकाचा व मजुरी ठेकेदाराची, आणि मटेरियलसह दर, असे दोन प्रकार पडतात. वरवर पाहता हे हिशेबाचे प्रकार वाटत असले तरी भिंतीत जे दिसत नाही त्याची जोखीम कोणी उचलायची, हाच प्रश्न प्रत्येक रीत आपापल्या परीने सोडवत असते, आणि अनुभवी ठेकेदार आकडा सांगण्याआधी मनात याच प्रश्नाचे उत्तर ठरवून टाकतो.

म्हणूनच ‘स्क्वेअर फुटाला काय घेता?’ या फोनवरच्या प्रश्नाला जाणता ठेकेदार सहसा थेट उत्तर देत नाही. ‘आधी भिंत बघू द्या, मग सांगतो’ हे त्याचे ठरलेले वाक्य टाळाटाळीचे वाटते, पण त्यामागे पक्का हिशेब असतो. फोनवर सांगितलेला आकडा गिऱ्हाईक लक्षात ठेवते आणि त्याला जोडलेल्या अटी विसरून जाते. पुढे भिंत खराब निघाली म्हणून दर वाढवला की ठेकेदार शब्द फिरवणारा ठरतो.

भिंत पाहण्याचीही एक पद्धत असते, आणि ती पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला ठेकेदाराबद्दल पुष्कळ काही सांगून जाते. तळहात भिंतीवरून फिरवला असता पांढरी भुकटी हाताला लागली, तर खाली चुना किंवा जुने डिस्टेंपर असण्याची शक्यता मोठी असते, आणि ते खरवडून काढल्याशिवाय वर लावलेली पुट्टी, जुन्या रंगाऱ्यांच्या भाषेत ‘लांबी’, काही महिन्यांत पापुद्र्यासकट सुटून येते. बोटाच्या पेराने ठोकले असता बद्द आवाज आला, तर गिलावा विटेपासून सुटलेला असतो आणि काम रंगाऱ्याचे न राहता गवंड्याचे होते. न्हाणीघराला लागून असलेली भिंत, खिडकीच्या खालचा पट्टा आणि कपाटामागची जागा या तीन ठिकाणी ओल हमखास लपलेली असते. तेथे खारे फुललेले किंवा पोपडे धरलेले दिसले, तर ओलीचा उगम बंद होण्यापूर्वी केलेला रंग टिकणार नाही, हे तेव्हाच सांगणे भाग असते. जो ठेकेदार कपाट सरकवायला सांगतो त्याच्याकडे काही गिऱ्हाइके त्रासिक नजरेने पाहतात खरी, परंतु कपाट न सरकवता दर सांगणाऱ्याने एकतर त्यामागच्या भिंतीचे पैसे अंदाजाने आधीच लावलेले असतात, किंवा ती भिंत रंगवायचीच नाही असे ठरवलेले असते.

मोजमापाचा विषय सोपा वाटतो आणि सर्वाधिक भांडणे तेथेच होतात. घरमालकाला आपल्या सदनिकेचे चटईक्षेत्र पाठ असते, आणि साडेसहाशे फुटांच्या घराचे बिल दोन हजार फुटांचे कसे, हा त्याचा प्रश्न त्याच्या बाजूने रास्त असतो. दहा बाय बाराची आणि साडेनऊ फूट उंचीची एक खोली घेतली, तर तिची जमीन १२० चौरस फूट असते, मात्र चार भिंती ४१८ फूट आणि छत १२० फूट मिळून रंगवायचे क्षेत्र ५३८ फूट होते. सात बाय तीनचा दरवाजा आणि पाच बाय चारची खिडकी वजा केली तर ४९७ फूट उरतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्या भिंतींवर फरशी बसवलेली असल्याने संपूर्ण घराचा हिशेब चटईक्षेत्राच्या तिप्पट-साडेतिपटीच्या आसपास येतो. दारे-खिडक्या वजा करायच्या की नाहीत, हा या हिशेबातला कायमचा वादाचा मुद्दा, कारण वरच्या उदाहरणात त्याने ४१ फुटांचा, म्हणजे सुमारे आठ टक्क्यांचा, फरक पडतो. बांधकामाच्या मोजमापासंबंधीचे ‘आयएस १२००’ हे भारतीय मानक अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची उघडी जागा वजा करू नये असे सांगते आणि त्याहून मोठ्या जागांसाठी वेगवेगळे नियम देते. लहान जागा वजा न करण्यामागचे कारण कोणत्याही रंगाऱ्याला शिकवावे लागत नाही. सपाट भिंतीवर रोलर सरसर फिरतो, तर खिडकीच्या कडा, चौकटीची सांध आणि काचेवर लावायची टेप यांत तेवढाच वेळ जातो. ठेकेदाराची चूक वजावट न करण्यात नसते. वजावट करणार नाही हे काम संपल्यावर सांगण्यात असते.

मालाचा हिशेबही याच खोलीवर करून पाहता येतो. तयार केलेल्या गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन एका हाताला, म्हणजे एका थराला, साधारण १२० ते १४० चौरस फूट जाते असे धरले, तर दोन हातांसाठी भिंतींना सुमारे सहा लिटर आणि छताला दोन लिटर रंग लागतो. दुकानात मात्र तो एक, चार, दहा आणि वीस लिटरच्या डब्यांत मिळतो आणि मोठा डबा लिटरमागे स्वस्त पडतो. दहा लिटरचा डबा घेतला तर उरलेला रंग कोणाचा, हा प्रश्न लहान असला तरी लेबर रेटच्या कामात तो मालकाचा आणि उक्त्या कामात ठेकेदाराचा असतो, एवढे आधी बोललेले बरे. रंगाच्या डब्यांबरोबर कंपन्या रंगाऱ्यांसाठी टोकन किंवा गुण देतात, ही गोष्टही बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसते. अमुक कंपनीचाच रंग घ्या, असा आग्रह ठेकेदार धरतो तेव्हा त्यामागे कधी अनुभव असतो, कधी टोकन असते, आणि पुष्कळदा दोन्ही असतात.

रंगकामाची गोम अशी की त्याची प्रत काम संपल्यावरही गिऱ्हाइकाला तपासता येत नाही. पुट्टीचे दोन थर दिले की एक, प्राइमर मारला की नाही, दुसऱ्या हातापूर्वी पहिला पुरता वाळू दिला की नाही, हे शेवटच्या हाताखाली झाकले जाते आणि त्याचा निकाल दोन पावसाळ्यांनी लागतो. अशा सेवांना मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली जे नाव दिले त्याचा आशय ‘केवळ विश्वासावर घेतल्या जाणाऱ्या वस्तू’ असा आहे. मोटार दुरुस्ती आणि वैद्यकीय उपचार हेही त्याच वर्गात मोडतात. प्रत तपासता येत नसली की गिऱ्हाईक जे तपासता येते त्याकडे, म्हणजे आकड्याकडे, वळते आणि चार-पाच जणांकडून कोटेशन मागवून सर्वांत कमी दर निवडते.

या निवडीत एक सापळा दडलेला आहे. १९७१ साली केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तेलक्षेत्रातल्या तीन अभियंत्यांनी असे दाखवून दिले की समुद्रातल्या तेलक्षेत्रांच्या लिलावात सर्वांत मोठी बोली बहुधा त्याचीच असते, ज्याचा तेलसाठ्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकलेला असतो. पुढे या घटनेला ‘विजेत्याचा शाप’ असे नाव पडले. खर्चाच्या अंदाजात हाच नियम उलट्या बाजूने लागू होतो. पाच जणांनी एकच घर पाहिले, तर सर्वांत कमी आकडा बहुधा त्याचा असतो, ज्याने कपाटामागची ओल पाहिली नाही किंवा खरवडण्याचे दिवस धरले नाहीत. तेलकंपनीला तोटा सोसावा लागतो. रंगारी ठेकेदाराजवळ मात्र तो भरून काढण्याचा मार्ग असतो, आणि तो पुट्टीच्या थरातून जातो. गिऱ्हाइकाला वाटते की त्याने स्वस्तात काम मिळवले, पण पुष्कळदा त्याने विकत घेतलेला असतो तो एकाचा चुकलेला अंदाज. म्हणून स्वतःचा आकडा इतरांपेक्षा फारच खाली आला, तर जाणता ठेकेदार खूश होण्याऐवजी पुन्हा एकदा घर पाहून येतो.

विश्वासाची ही उणीव भरून काढण्यासाठी मोठ्या कंपन्या बाजारात उतरल्या आहेत. २०१४ साली अर्बनक्लॅप या नावाने सुरू झालेली आणि २०२० मध्ये अर्बन कंपनी असे नाव घेतलेली कंपनी, तसेच रंग बनवणाऱ्या कंपन्यांच्या गृहरंग सेवा, लेझरने मोजमाप घेऊन छापील अंदाजपत्रक देतात. स्वतंत्र ठेकेदाराने त्यांच्याशी केवळ दराच्या जोरावर लढू नये. दरात त्याला एक नैसर्गिक सवलत असते हे खरे. महाराष्ट्रात सेवांची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नसते, आणि खाजगी घरमालकाला भरलेला कर कोठून वळता करून घेता येत नसल्यामुळे मजुरीवरचे अठरा टक्के वाचणे त्याच्या दृष्टीने निव्वळ बचत असते. परंतु कंपनीच्या कागदाची बरोबरी करायची तर ठेकेदारालाही कागद द्यावा लागतो, आणि चांगल्या अंदाजपत्रकात आकड्यापेक्षा त्याच्याभोवतीच्या ओळी महत्त्वाच्या असतात: पुट्टीचे थर किती, रंग कोणता व कोणत्या प्रतीचा, खरवडणे धरले आहे की नाही, ग्रिल व दरवाजे आत की बाहेर, सामान हलवणे व झाकणे कोणाकडे, आणि ओल असलेल्या भिंतीला हमी नाही. ही शेवटची ओळ लिहिताना ठेकेदाराचा हात अडखळतो, कारण तिने गिऱ्हाईक बिचकेल असे त्याला वाटते. प्रत्यक्षात बरीच गिऱ्हाइके ती ओळ वाचूनच निर्णय घेतात, कारण ओल आहे हे त्यांना स्वतःलाही ठाऊक असते आणि ती उरलेल्या चौघांनी पाहिलेली नसते.

उचल किंवा ॲडव्हान्स किती घ्यावी याबद्दल नियम नाही. माल आपला असेल तर त्याच्या खरेदीइतकी, आणि पुढचे हप्ते पुट्टी, पहिला हात व शेवट अशा दिसणाऱ्या टप्प्यांवर, हा रिवाज दोघांनाही सोयीचा ठरतो. खरी कसोटी लागते ती वाढीव कामाच्या वेळी. ‘आता आलाच आहात तर बाल्कनीचे ग्रिलही मारून टाका’ हे वाक्य प्रत्येक घरात एकदा तरी उच्चारले जाते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ७० असे सांगते की फुकट करण्याचा हेतू नसताना एखाद्याने कायदेशीररीत्या दुसऱ्यासाठी काम केले आणि त्या दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याची भरपाई देणे त्याच्यावर बंधनकारक असते. मात्र ग्रिलच्या पैशांसाठी कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. त्याच संध्याकाळी व्हॉट्सॲपवर ‘बाल्कनीचे ग्रिल वाढीव, इतके रुपये’ असे पाठवून मालकाचा होकार घेणारा ठेकेदार शेवटच्या हिशेबाला घासाघीस करत बसत नाही.

नवे गिऱ्हाईक रंगाच्या दुकानदाराकडून येते, सोसायटीच्या वॉचमनकडून येते, पण सर्वाधिक येते ते जिन्यावरून. एका घरात काम चालू असताना वरच्या मजल्यावरच्या काकू उघड्या दारातून डोकावतात, आठ दिवस पुठ्ठे नीट अंथरलेले आहेत का, लिफ्टमध्ये डाग पडले आहेत का हे पाहतात, आणि मग दर विचारतात. त्यांना दर आधीच कळलेला असतो, त्या फक्त तो ताडून पाहत असतात. एकाच विंगमध्ये दर गुप्त राहत नाही. दुसऱ्या मजल्यावर भिडेखातर फुटामागे दोन रुपये सोडले की तो साऱ्या इमारतीचा दर होऊन बसतो, आणि ज्या घराच्या भिंतींत ओल आहे तेथेही तोच लागू करण्याचा आग्रह धरला जातो. म्हणून मुरलेले ठेकेदार सूट द्यायचीच वेळ आली तर फुटाच्या दराला हात लावत नाहीत. ते मुख्य दरवाजाला पॉलिश करून देतात किंवा ग्रिलचे पैसे सोडतात, आणि बिलावर त्याची पूर्ण किंमत लिहून पुढे ‘सूट’ असा शब्द मांडतात.