कोणत्या टोकापासून?

वडिलांच्या नोकरीनिमित्त वसई सोडून अमेरिकेस जाईपर्यंत, शाळकरी मुले यंत्रमानव बांधून स्पर्धेत उतरवितात हे आम्हांस ठाऊक नव्हते. डीन केमन या संशोधकाने १९८९ मध्ये ‘फर्स्ट’ ही संस्था स्थापिली. तिची पहिली स्पर्धा १९९२ मध्ये न्यू हॅम्पशायर राज्यातील एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांनिशी झाली. २०१८ साली आमच्या शाळेच्या संघात यांत्रिक आराखडा व बांधणी यांची धुरा आमच्याकडे आली.

जानेवारीत खेळ जाहीर होई आणि सहा आठवड्यांनी यंत्र पिशवीत सीलबंद करावे लागे. (ही अट २०२० पासून उठली.) त्या वर्षी १३ इंची खोकी उचलून उंच तराजूच्या पारड्यात ठेवावयाची होती. बॅटरी व भोवतालची संरक्षक गादी वगळता वजनाची मर्यादा १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो. आम्ही ॲल्युमिनियमच्या पोकळ चौकोनी नळ्यांचा, एकातून एक वर सरकणारा सांगाडा योजला. संगणकाच्या पडद्यावर तो कसा अलगद चढे! पडद्यावरचा धातू वाकत नाही, हे तेव्हा कोण लक्षात घेतो?

चौथ्या आठवड्यात सांगाडा प्रत्यक्ष उभा राहिला. हातभर चढला आणि तिरका होऊन अडकला. तेल घातले, कानस फिरविली, व्यर्थ. भोके पाडण्याचे काम पहिल्या वर्षाच्या एका मुलीकडे होते. सर्वांदेखत आम्ही तिला विचारले, “मोजता तरी येते ना?” तिने मान खाली घातली.

रात्री एकट्याने नळ्या सोडवून मोजल्या. तिचे प्रत्येक भोक रेखाचित्राबरहुकूम होते. रेखाचित्र आमचे होते. डाव्या खांबाची मापे आम्ही वरच्या टोकापासून दिली होती, उजव्याची खालच्या. पडद्यावर दोन्ही खांब सारखे, म्हणून काहीच बिघडले नाही. करवतीने कापलेल्या नळ्यांत मात्र दोन मिलिमीटरचा फरक पडला होता. तेवढ्याने आडव्या पट्ट्या तिरप्या बसल्या आणि चौकट काटकोनातून ढळली. आमचे आजोबा सुतार. दाराच्या चौकटीचे दोन्ही उभे शेजारी ठेवून ते एकदमच खुणा करीत. लहानपणी ते शेकडो वेळा पाहिले होते, उपयोग शून्य!

संगणकातील आकडे रातोरात बदलता आले असते. कोणास कळले नसते. तो मोह झाला, आणि बराच वेळ टिकला, हे लपवीत नाही.

दुसऱ्या दिवशी, जिथे तिला बोललो होतो तिथेच, सर्वांसमोर चूक सांगितली व तिची क्षमा मागितली. कोणी हसले नाही. हसते तर बरे झाले असते. नव्या नळ्यांचे काम पुन्हा तिच्याकडेच दिले. तिने पट्टी उचलली, रेखाचित्र बराच वेळ न्याहाळले आणि आमच्याकडे न पाहता एवढेच विचारले, “कोणत्या टोकापासून?”