उंबरठा

चिंचवडच्या चापेकर चौकात माझी आई रोज बसमधून उतरते. दोन घरचा स्वयंपाक उरकून तिथूनच परतते. चौकातले पुतळे तिने हजारदा पाहिले असतील, पण गावातला चापेकर वाडा कधी पाहिला नव्हता. "आपल्याला कोण आत सोडणार?" असे ती म्हणे. घरातला पहिला कॉलेजात जाणारा, तोही इतिहासाचा विद्यार्थी, अशा ऐटीत एका रविवारी मीच तिला घेऊन गेलो.

आईने दारातच चपला काढल्या. आता तिथे संग्रहालय आहे, असे मी हळूच सांगितले. ती म्हणाली, "पण कुणाचं तरी घरच ना?"

मी पाठ असलेल्या सनावळ्या सांगू लागलो. 1897 साली पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबाच्या हुकुमाने गोरे सोजीर रोगी हुडकायला घराघरांत घुसत. देवघर, माजघर काही सुटले नाही. 22 जूनच्या रात्री, राणीच्या हीरकमहोत्सवाहून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकरांनी गणेशखिंडीत गोळी झाडली. दामोदर 18 एप्रिल 1898 रोजी फाशी गेले. वासुदेव 8 मे 1899 रोजी, बाळकृष्ण 12 मे रोजी.

आई बोटांवर मोजत होती. "धाकटे दोघं चार दिवसांत?"

मी "हो" म्हटले आणि पुढे बोलवेना. याच तारखा लिहून मी गुण मिळवले होते. हा हिशेब मात्र कधी केला नव्हता.

मग मला 2020 साल आठवले. मी आठवीत होतो. वडिलांना कोरोना झाला. तेव्हा लागू झालेला साथरोग कायदा 1897 चाच होता. पण आमच्या पत्र्याच्या खोलीशी आलेल्या आशाताई उंबरठ्याबाहेर थांबून म्हणाल्या, "वहिनी, येऊ का?" वडिलांना नेले, तेव्हा आई रडली, पण तिने दार अडवले नाही. रोग्याला वेगळे ठेवणे तेव्हाही गरजेचे होते, आताही होते. फरक त्या विचारण्यात होता.

वाड्यातून निघताना आईने उंबरठ्याला हात लावून नमस्कार केला. मीही केला.

यंदा परीक्षेत रँडच्या वधाची कारणे विचारली, तर मी पाच मुद्दे लिहीन. आईने मोजलेले ते चार दिवस कोणत्या मुद्द्यात बसवावेत, ते मात्र अजून सुचलेले नाही.