न बोलणाऱ्याचे गहू

बोलणाऱ्याची बोरेही विकली जातात आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा पडून राहतात, अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे आहे. ती कोणा व्यापाऱ्याने केली असावी असे मला पूर्वी वाटे. हल्ली वाटते, ती एखाद्या शाळामास्तराची असणार. बाजारात गिऱ्हाईक निदान गहू मुठीत घेऊन पाहते तरी! शाळेत सगळा व्यवहार तोंडी. प्रश्न तोंडी, उत्तर तोंडी, कविता तोंडी, पाढे तोंडी. आणि लेखी म्हणून जे असते तेही बोलण्याचेच कागदावर उतरलेले रूप. मी दिवसा या शाळेत शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो; म्हणजे माझ्या दोन्ही चुली शब्दांवरच पेटतात. अशा माणसाच्या भाच्याला शब्दांनीच दाद देऊ नये, यात दैवाचा काही खट्याळपणा असला पाहिजे.

धाकटी बहीण सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी असते. मेहुणे साखर कारखान्याच्या कचेरीत आहेत. मुलगा एकुलता एक. दोन वर्षांपूर्वी त्याला पहिलीत घालायची वेळ आली, आणि त्या घरात 'शाळा' या दोन अक्षरांवरून जी काही वादळे उठली ती मी जवळून पाहिली.

मुलगा दिसायला तरतरीत. त्याच्या आधीच्या दिवाळीत त्याने अंगणात केलेला किल्ला पाहायला आळीतली मोठी माणसेही आली होती. बुरूज, चोरवाट, पावसाचे पाणी तळ्यात उतरावे म्हणून कोरलेली पन्हळ, सारे काही जागच्या जागी. पण कोणी विचारले, "हे काय केलेस रे?" की तो हाताने दाखवायचा आणि म्हणायचा, "हे... असं... पाणी जातं मग." लोक म्हणत, लाजाळू आहे.

लाजाळू तो नव्हता. "मामाने आंबा खाल्ला" हे वाक्य तो "मामा आंबा खाल्ला" असे म्हणे. घोडा आणि घोड्याला, काल आणि उद्या, यांचा मेळ त्याला बसत नसे. आपल्या मराठीत तीन लिंगे, त्यांत सामान्यरूपाचे वळण, त्यांत हा 'ने' आला की क्रियापद कर्त्याला सोडून आंब्याच्या मागे धावते. आपण हे सारे आईच्या कडेवर बसून फुकट शिकलो, म्हणून त्याची किंमत आपल्याला कळत नाही. "जेवायच्या आधी हात धू," म्हटले की तो शांतपणे जेवून मग हात धुवी. आज्ञा मोडायचा त्याचा इरादा नसे. त्याला ऐकू आले तेवढे त्याने केलेले असे. जेवण पहिले ऐकले, म्हणून जेवण पहिले! सतरा आणि आठ किती, हे तो चटकन सांगे. पण "गणूकडे रामूपेक्षा पाच गोट्या जास्त आहेत" म्हटले की गणूही हरवे, रामूही हरवे आणि गोट्या तर कुठल्या कुठे जात.

घरोघरचे वैद्य निदान करायला तयारच असतात. शेजारी म्हणाले, मोबाइलने केले. कोणी म्हणाले, आई नोकरी करते ना! बहिणीच्या सासूबाई तेवढ्या प्रेमाने म्हणाल्या, "आमच्या घराण्यातले पुरुष उशिराच बोलतात. ह्यांनी तर पाचव्या वर्षी तोंड उघडले." कान तपासून झाले, ते उत्तम होते. शेवटी पुण्याच्या एका स्पीच थेरपिस्ट बाईंकडे आम्ही गेलो. त्यांनी त्याला अर्थ नसलेले शब्द म्हणायला लावले. दोन अक्षरी शब्द त्याने नीट म्हटले, तीन अक्षरी अडखळत, आणि चार अक्षरी शब्दाचे त्याच्या तोंडात तुकडे झाले. नवा शब्द प्रथम कानावर पडतो तेव्हा तोही अर्थहीनच असतो, तो मनात क्षणभर धरून ठेवता आला तरच पुढे अर्थ चिकटणार, असे बाईंनी समजावले. सासूबाईंनी समाधानाखातर सांगितलेली घराण्याची गोष्ट त्यांनी मात्र कागदावर टिपून घेतली. कारण ही अडचण पुष्कळदा रक्तातूनच येते. आईच्या नोकरीने ती येत नाही. हे ऐकताना बहिणीचा चेहरा मी पाहिला. दोन वर्षांचे ओझे उतरल्यासारखा झाला तो.

नाव त्यांनी सांगितले ते इंग्रजी, 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर'. मराठीत विकासात्मक भाषाविकार म्हणतात. विकार हा शब्द मला रुचत नाही. काढा देऊन बरा होईल असे काहीतरी त्यातून वाटते. मूल ऐकते, त्याची समज शाबूत असते, माणसांत मिसळायची त्याला ओढ असते, आणि तरीही भाषा तेवढी त्याच्या हाती लागत नाही. पूर्वी अशाच मुलाला निरनिराळे डॉक्टर निरनिराळी नावे देत. ऑक्सफर्डच्या डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने इंग्रजी भाषक देशांतल्या पन्नासहून अधिक तज्ज्ञांनी विचारविनिमय करून २०१७ साली हे एक नाव पुढे आणले. इंग्लंडच्या सरे परगण्यात शाळेत नव्याने आलेल्या मुलांची पाहणी झाली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत शंभरांत सुमारे साडेसात मुले अशी आढळली. तीसांच्या वर्गात दोन! मी ते वाचून माझ्या वर्गाकडे पाहिले. मागच्या बाकावर 'मठ्ठ' म्हणून बसवलेली दोन मुले प्रत्येक शाळेत असतातच की.

रोगाला नाव मिळाले, आता शाळा. मेहुण्यांच्या मनात एक नामांकित इंग्रजी माध्यमाची शाळा होती. तिथले मुख्याध्यापक प्रवेश द्यायला तयार झाले. अट एवढीच की घरी मराठी बंद करा, मुलाचा गोंधळ होतो. आजी, आजोबा, दूधवाला, अंगणातली मांजर, सारे मराठीत. आणि आईने या पोराला निजवताना पुस्तकी इंग्रजीत थोपटावे! दोन भाषांमुळे हा दोष उद्भवत नाही आणि घरची भाषा तोडून तो जातही नाही, हे आता संशोधनाने स्पष्ट झालेले आहे. घरची भाषा तोडली की मुलाचे सर्वांत जुने शिक्षक तेवढे जातात. पण आपल्या समाजात इंग्रजीपुढे संशोधनाचे काय चालणार! मेहुणे आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

नंतर आम्ही बौद्धिक अक्षम मुलांच्या एका शाळेत गेलो. शिक्षिका फार मायेच्या. तासाभरात भाच्याने मोठ्या मुलांची लाकडी कोडी सोडवून टाकली आणि त्या हसून म्हणाल्या, "अहो, हा आमच्यातला नव्हे."

मला सर्वांत आवडली ती कर्णबधिर मुलांची शाळा. वर्गात आठ मुले. बाईंनी खरी लिंबे आणली होती. मुलांनी लिंबू कापले, पिळले, साखर घातली, ढवळले, प्याले. आणि सरबत पोटात गेल्यावर मग फळ्यावर वाक्ये उगवली. कोणी कापले? कशाने कापले? कोणाला दिले? कर्ता एका रंगाच्या खडूने, क्रिया दुसऱ्या, प्रत्यय तिसऱ्या. इतकी वर्षे मी विभक्ती शिकवली, पण 'ने' हा प्रत्यय डोळ्यांना दिसू शकतो हे तिथे पाहिले. भाचा पुढे सरकत सरकत फळ्याशी जाऊन बसला. मी मुख्याध्यापिकांना म्हणालो, "बाई, याला आपल्याकडेच घ्या ना." त्या म्हणाल्या, "पद्धत आमची खुशाल घेऊन जा, मास्तर. मूल नका ठेवू. आमची मुले खुणांनी बोलतात, ती त्यांची भाषा आहे. याला कान आहेत. दिवसभर याच्या कानांवर बोलणे पडायला हवे."

परतीच्या एस्टीत बहीण खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "दादा, चांगली शाळा सापडली, ती दुसऱ्यांची निघाली."

या मुलांची स्वतःची म्हणावी अशी शाळा जगात आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सटेड गावाजवळ मूर हाउस नावाची शाळा १९४७ साली सुरू झाली. खास वाचेची आणि भाषेची अडचण असलेल्या मुलांसाठी. तिथे शिक्षक आणि थेरपिस्ट एकाच मुलाचे काम मिळून करतात. मात्र तिथलेही आईबाप सुखाने नांदतात असे नव्हे. २०१४ सालच्या कायद्याने तिथे मुलाच्या गरजांचा एक आराखडा होतो. त्यात आपल्याला हवी ती शाळा लिहून घ्यायची तर पुष्कळदा स्थानिक सरकारशी भांडावे लागते, प्रसंगी न्यायाधिकरणापर्यंत जावे लागते. आमच्यापुढे भांडायला शाळाच नव्हती. आमच्या टापूत तशी एकही आम्हांला सापडली नाही. आपल्या २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यात एक सुंदर कलम आहे: चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीप्रमाणे, मोफत शिक्षणाचा हक्क. कायद्यात एकवीस प्रकार मोजले आहेत. त्यांत वाचा आणि भाषा आहे. पण उदाहरणे दिली आहेत ती स्वरयंत्र काढलेल्या किंवा मेंदूतील बिघाडाने वाचा गेलेल्या माणसाची. भाषा गेलेल्याची सोय लिहिली आहे. जिला ती मुळात नीट आलीच नाही त्या मुलाचे नाव नाही.

तेव्हा मी शाळा पाहायची माझी एक रीत काढली. इमारत पाहायची नाही, निकाल विचारायचा नाही. वर्गात मागे बसायचे आणि शिक्षकाने प्रश्न टाकला की मनात आकडे मोजायचे. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७०च्या सुमारास हेच मोजले होते. शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात असे त्यांना दिसले. आम्ही पाहिलेल्या शाळांतून याहून फारसे निराळे नव्हते. ज्याला प्रश्न उलगडायलाच चार सेकंद लागतात त्याची शाळा त्या एका सेकंदातच सुटलेली असते.

थांबणारी एक बाई सापडली ती बहिणीच्या घरापासून दहा मिनिटांवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. दोन खोल्या, पहिली-दुसरी एकत्र, मुले तेवीस. बाईंनी विचारले, "पाऊस पडला की ओढा गढूळ का होतो?" मी सहापर्यंत मोजले. कोणी बोलेना. मग त्यांनी पेल्यात पाणी घेतले, मूठभर माती टाकली, ढवळले आणि पेला मुलांतून फिरवला. पुन्हा तोच प्रश्न, त्याच शब्दांत. मी बहिणीकडे पाहिले. तीही बोटांवर मोजत होती.

बाईंनी या दोषाचे नाव ऐकलेले नव्हते. म्हणाल्या, "वाचायला काही असेल तर द्या, पण मराठीत." शोधले तर त्यांच्या हाती देण्याजोगे फारसे निघेना. तेव्हा मीच फुलस्केपाची चार पाने लिहिली: एका वेळी एकच सूचना; घडेल त्या क्रमाने सांगावे; नवा शब्द वस्तूसकट द्यावा; चुकीचे वाक्य टोकू नये, तेच बरोबर करून परत म्हणावे. थेरपिस्ट बाईंनी ती तपासून दिली. माझ्या कादंबऱ्या इतक्या काळजीने कोणी वाचल्याचे मला आठवत नाही.

मेहुण्यांचे समाधान झाले असे म्हणवत नाही. पुण्याला बिऱ्हाड न्यावे, मोठ्या शहरात काहीतरी सापडेल, ही त्यांची इच्छा होती, आणि ती वेडगळ नव्हती. पण मग एकाची नोकरी सुटणार, आजी-आजोबा मागे राहणार, आणि घरभाडे व उपचार एका पगारातून भागणार कसे? आता महिन्यातून दोनदा मायलेक पुण्याला जातात. मधल्या आठवड्यांत बाई मोबाइलच्या पडद्यावर शिकवतात. ज्या मोबाइलला शेजाऱ्यांनी दोष दिला तोच आता कामास येतो आहे!

भाचा आता दुसरीत आहे. 'ने' बहुतेक वेळा जागेवर पडतो. वाचन संथ आहे. ऐकलेली गोष्ट सांगायला लावली की अजूनही सिंह मेल्यावर ससा विहिरीकडे निघतो. हे आयुष्यभर थोडेफार राहणार, असे थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवले आहे. त्याला स्वतःच्या वाटा काढायला शिकवणे हेच काम. गेल्या महिन्यात वर्गातल्या एका मुलाने त्याला 'मुका' म्हटले. तो घरी येऊन आईला म्हणाला, "मी मुका नाही. मी हळू." क्रियापद नव्हते, पण बहिणीने ते वाक्य मला फोनवर दोनदा ऐकवले.

ती शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला हायस्कूल, विषयागणिक निराळे मास्तर, तासाची घंटा आणि साठांचा वर्ग. बहिणीने आतापासूनच वही केली आहे. गावातल्या तिन्ही हायस्कुलांची नावे वर लिहून खाली रकाने पाडले आहेत. दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्याच सोमवारी आम्ही दोघे एकाच्या मागच्या बाकावर बसायला जाणार आहोत. हेडमास्तरांची परवानगी आली आहे, मात्र "आपण नेमके काय पाहणार?" असे त्यांनी पत्रात विचारले आहे.