घर पाहावे बांधून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, अशी आपल्याकडे म्हण आहे. ही दोन्ही कार्ये एकाच छपराखाली, एकाच वेळी निघतील अशी कल्पना म्हण करणाऱ्याने केली नसावी. आमच्या घरी २०२२ च्या दिवाळीनंतर तसे झाले. घर नवे बांधले असे नव्हे. जुने उकलून पुन्हा उभे केले. आणि लग्न आम्ही जमविले असेही नव्हे. ते आमच्या नकळत जमले. जमल्यावर ते मोडण्याचा उद्योग मात्र आमच्या हातून झाला, आणि तोच येथे सांगावयाचा आहे.

आमचे घर सुरतेच्या गोपीपुऱ्यात. पणजोबा नोकरीच्या निमित्ताने या शहरी आले आणि येथलेच झाले. चार पिढ्या लोटल्या तरी शेजारचे शेठ आम्हांस पाहिले की १६६४ आणि १६७० सालांचा हिशेब काढतात आणि लुटीतले काही शिल्लक आहे का, म्हणून हसत विचारतात. आम्ही सांगतो, होते ते सारे घराच्या डागडुजीत गेले. या उत्तरात थट्टेपेक्षा सत्यच अधिक आहे.

१८३७ साली सुरतेस मोठी आग लागली आणि हजारो घरे भस्मसात झाली. आमचे घर त्यानंतरचे. दगडी तळखड्यांवर उभे सागवानी खांब, खांबांवर तुळया, मधून विटांच्या भिंती, पुढे ओटा, आत चौक आणि चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून तापीत सोडलेले पाणी नऊ लाख क्युसेकच्या घरात गेले आणि बहुतेक शहर बुडाले, तेव्हा आमच्या माजघरात कमरेइतके पाणी होते. पाणी ओसरल्यावर आम्ही शहाण्यासारखे वागावयाचे सोडून घाईने वागलो. चुन्याचा भिजका गिलावा खरवडून काढला आणि सर्वत्र सिमेंट फासले. भिंत गुळगुळीत झाली, आम्ही प्रसन्न झालो. चुन्याची भिंत आतली ओल बाहेर सोडते आणि सिमेंट तीच ओल आत कोंडते, हे आम्हांस कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. सोळा वर्षे ती ओल भिंतीतल्या लाकडाने प्यायली. २०२२ च्या पावसाळ्यात माजघराच्या एका खांबावर सहज टिचकी मारली, तर भोपळ्यासारखा आवाज आला.

दादांचे, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचे, मत घर विकून टाकावे असे होते. घर राखावे हा हट्ट त्यांच्या कन्येचा. ती एका सहकारी बँकेत नोकरीस आहे, हिशेबात पक्की. तिने खर्चाची वही स्वतःकडे घेतली, आणि काम निघाले.

लाकूडकामासाठी जो मिस्तरी आला, तो आल्या आल्या आमच्या पाया पडला. “सर, ओळखलंत?” आम्ही ओळखले नाही. सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीप्रमाणेच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा अनेक माध्यमांच्या आहेत. त्यांतल्या एका मराठी शाळेत आमची हयात गेली. हजारो मुले हाताखालून गेली, सारे चेहरे कोठून आठवणार? त्याने इयत्तेचे वर्ष सांगितले, बाकाची जागा सांगितली, तेव्हा अंधुक आठवले. वडील नंदुरबारकडून यंत्रमागावर कामास आलेले, बिऱ्हाड लिंबायतला. दहावीनंतर मुलगा एका वृद्ध गुजराती सुताराच्या हाताखाली राहिला आणि जुन्या घरांचे काम शिकला.

त्याचे काम पाहणे हा आमचा सुटीच्या दिवसांचा छंद झाला. तुळईला लोखंडी जॅकचे टेकू देऊन तो खांबावरचा भार हलका करी. मग खांबाचा कुजलेला पाय कापून तेथे जुन्याच सागवानाचा तुकडा लांब तिरप्या सांध्याने बसवी. नवे लाकूड आक्रसते आणि सांधा उघडतो, म्हणून मोडलेल्या घरांचे लाकूड शोधून आणी. भिंतींचे सिमेंट उतरवून चुना भिजत घालावयास लावणारा तोच. विटांची भुकटी, गूळ आणि मेथीचे पाणी यांचे प्रमाण गवंड्यास समजावून सांगणाराही तोच. आम्हांस काही विचारावयाचे झाल्यास हातातली पटाशी खाली ठेवून उभा राही आणि म्हणे, “सर, येथे आणखी एक टेकू द्यावा लागेल.”

या ‘येथे’ शब्दाकडे आमचे लक्ष गेले नाही. जाणार कसे? तो आमच्याच टाकसाळीतला होता.

एके रात्री जेवताना पुतणीने विचारले, “काका, आंडेर म्हणजे काय हो?”

मराठीच्या एम. ए. ला असा प्रश्न म्हणजे पर्वणीच. आम्ही घास हातात तसाच धरून सांगू लागलो: हा अहिराणी शब्द, खानदेशातला, आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. पुढे अहिराणीवरील गुजरातीच्या छायेवर पाचदहा मिनिटे बोललो. भात निवाला. हा शब्द गोपीपुऱ्यातल्या मुलीच्या कानी पडला कोठे, हे विचारावयाचे आम्हांस सुचले नाही. वहिनींस सुचले. त्यांनी लेकीकडे एकवार पाहिले आणि ताक वाढले.

पुढचे कळावयास महिना लागला. संध्याकाळी बँकेतून आल्यावर ती ओट्यावर हिशेबाची वही घेऊन बसे. तो मोजमापे सांगे, ती लिहून घेई. मोजमापे संपली तरी बोलणे संपत नसे. एकदा त्याची मापांची वही आमच्यापुढे धरून ती म्हणाली होती, “काका, तुमच्या विद्यार्थ्याचं अक्षर बघा.” अक्षर खरोखरच मोत्यासारखे होते. आम्हांस अभिमान वाटला आणि तेवढ्यावरच आम्ही थांबलो.

तिने वडिलांना स्वतःहून सांगितले. दादांचा संताप आम्ही येथे वर्णीत नाही. जात निराळी, शिक्षण निराळे, राहणी निराळी. ती पदव्युत्तर, तो दहावी. आमच्या घराचा दिवाणखाना त्यांच्या साऱ्या बिऱ्हाडाएवढा. आणखी एक गोष्ट होती, ती तोंडाने कोणी बोलले नाही. आम्ही सुरतेचे जुने मराठी, आणि उधना-लिंबायतचे ते नवे. शेजारच्या गुजराती माणसाने आम्हांस आणि त्यांस एकाच नावाने ‘मराठी’ म्हटलेले आमच्या पिढीला आतून खुपत असे. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या गाडीत आम्ही फार तर लग्नाकार्यापुरते बसलो. ते त्या गाडीने आले, एवढाच काय तो भेद. पण त्या भेदावर आम्ही चार पिढ्यांची प्रतिष्ठा उभारली होती.

गमतीची गोष्ट अशी की, आमच्या घरापासून आमलीरानातले कवी नर्मदचे घर हाकेच्या अंतरावर आहे. त्याने १८६६ साली ते बांधले आणि त्यास ‘सरस्वती मंदिर’ नाव दिले. ज्ञातीच्या रोषाची पर्वा न करता त्याने नर्मदागौरी या विधवेशी विवाह केला, तो आपल्याकडच्या धोंडो केशव कर्व्यांच्या १८९३ च्या पुनर्विवाहाच्या दोन तपे आधी. आधीची पत्नी डाहीगौरी तेव्हा हयात होती, ही बाजू मात्र सहसा कोणी उच्चारीत नाही. २४ ऑगस्टला नर्मदजयंतीच्या दिवशी दादा या विवाहावर भाषण करतात आणि फार सुंदर करतात. आम्ही त्यांना याची आठवण दिली नाही. देण्याचा अधिकार आम्हांस नव्हता, कारण दुसऱ्याच दिवशी दादांच्या सांगण्यावरून आम्ही स्वतः त्या मुलाशी बोलावयास गेलो.

तो शिडीवर होता. आम्ही त्यास खाली बोलावून चौकात नेले आणि अत्यंत शुद्ध मराठीत सांगितले की, तू गुणी आहेस, तुझ्याविषयी आम्हांस ममत्व आहे. परंतु प्रत्येकाने आपली मर्यादा ओळखावी, आणि उरलेले काम दुसऱ्या कोणाकडून पुरे करून घ्यावे. तो ऐकत होता. वर्गात जसा उभा राही तसाच, हात मागे बांधून. “बरं, सर,” एवढेच म्हणाला. हत्यारे गोळा केली, माजघरातल्या टेकूंचे स्क्रू एकदा तपासले आणि गेला.

घर चार दिवस टेकूंवर उभे राहिले. रात्री तुळई कुरकुरली की सारे जागे होत आणि कोणी कोणाशी बोलत नसे. पाचव्या दिवशी पुतणी आमच्या खोलीत आली. रडली नाही. वही उघडून म्हणाली, “त्याचे अठरा हजार द्यायचे राहिलेत, काका. ते देऊन टाकू.” मग जरा थांबून म्हणाली, “एक विचारू? तो सगळ्यांशी इथे-तिथे म्हणतो. घरी आईशी अठे-तठे म्हणतो. तुमच्याशी बोलतानाच फक्त ‘येथे’ म्हणतो. हे तुमच्या लक्षात आलं होतं?”

आले नव्हते. पण ती विचारीत असतानाच आठवले. पाचवीचा वर्ग, पुस्तक कोठे आहे असे आम्ही विचारलेले आणि मागल्या बाकावरून आलेला “अठे शे, सर” हा आवाज. सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो, आणि ‘येथे आहे’ हे वाक्य त्याच्याकडून शंभर वेळा लिहून घेतले. त्याच आठवड्यात बहुधा आम्ही बहिणाबाईंची कविता शिकविली असेल. ती शिकविताना आमचा कंठ दर वर्षी दाटून येतो. बहिणाबाईंची लेवा बोली आणि अहिराणी एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण एकीवर डोळे पुसावे आणि दुसरीला शिक्षा करावी एवढे काही त्यांच्यात अंतर नाही. सुंदर अक्षराचे मूळही मग आम्हांस कळले. शंभर ओळी त्याने फार मन लावून लिहिल्या असल्या पाहिजेत.

अठरा हजार रुपये घेऊन आम्ही लिंबायतला गेलो. दादाही आले; त्यांना प्रकरण कायमचे मिटवावयाचे होते. दोन खोल्यांचे स्वच्छ घर. वडील तीस वर्षे यंत्रमागांच्या खडखडाटात राहिल्याने त्यांना कमी ऐकू येई, म्हणून सारे बोलणे मोठ्याने करावे लागले आणि ते गल्लीने ऐकले. आम्ही सावधपणे प्रस्तावना करीत होतो, तोच मुलाची आई दाराआडून पुढे आली आणि म्हणाली की, हे लग्न आम्हांलाच नको आहे. तुमची मुलगी चांगली आहे, पण चार वर्षांनी तिला आमच्या घराचा कंटाळा येईल. आणि आमचा मुलगा तुमच्या घरी जावई म्हणून गेला तरी मिस्तरीच राहील. तुमच्याकडचे दार बिघडले की तुम्ही त्यालाच बोलवाल आणि चहा ओट्यावर द्याल.

चहा आम्ही ओट्यावरच देत होतो. तिला कसे कळले, देव जाणे.

परतताना रिक्षात दादा बराच वेळ गप्प होते. मग एकाएकी म्हणाले, “आपल्याला नकार देतात! आपल्या घरात काय कमी आहे?” ज्या प्रस्तावास आपण होऊन लाथ मारावयास निघालो होतो, तो प्रस्ताव समोरच्याने नाकारताच दादांना त्याची किंमत कळू लागली. मनुष्यस्वभाव असा आहे. आम्ही रिक्षातच ठरविले की, यावर काही बोलावयाचे नाही. अहंकाराने का होईना, घोडे योग्य दिशेला वळले होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकटेच पुन्हा गेलो आणि त्या मुलास म्हणालो की, आमचे चुकले, काम पुरे करावयास ये. पाचवीतल्या शिक्षेविषयी बोलावयाचे मनात होते. ते बोलणे झाले नाही. “टेकू फार दिवस ठेवू नयेत, सर,” असे म्हणून तो सायकलवर हत्यारांची पिशवी अडकवू लागला.

पुढचे काम वहिनींनी आणि पुतणीने केले. आम्हां पुरुषांचा त्यात भाग नाही. दर रविवारी मायलेकी लिंबायतला जात. हिवाळ्यात वहिनी सुरतचा पोंक घेऊन गेल्या, तर त्या माउलीने हाच आमच्याकडचा हुरडा म्हणून खापरावरची पुरणपोळी बरोबर बांधून दिली. बोलणी कधी झाली, कशी झाली, आम्हांस ठाऊक नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस देऊन विवाह नोंदविला गेला. दादांनी सही करताना चष्मा दोनदा पुसला. जोडपे वेगळे बिऱ्हाड करून उधन्यास राहते. हा आग्रह मुलाच्या आईचा होता आणि तो योग्यच होता.

घराचे काम अद्याप पुरे झालेले नाही. पश्चिमेची भिंत राहिली आहे, आणि न्हाणीघरात तरी सिमेंट लावावे की नाही यावर सासरे-जावयांचा दर रविवारी वाद होतो. चहा आता माजघरात, नव्या पायाच्या खांबाशेजारी होतो. मागच्या आठवड्यात आम्ही धीर करून जावईबापूंना म्हणालो, “अठे बस ना.” आमचा उच्चार ऐकून पुतणी इतकी हसली की तिला ठसका लागला. तोही हसला. मग खांबाजवळची खुर्ची ओढून म्हणाला, “बसतो, सर. येथेच बसतो.”