चालतंय, पण चालणार नाही

सर निवृत्त झाले तेव्हा, २०१७च्या दिवाळीत, मुलीनं त्यांना लॅपटॉप घेऊन दिला. इंटेलचा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तो साडीच्या दुकानाच्या कापडी पिशवीतून निघून माझ्या काउंटरवर आला. मी सवयीनं विचारलं, "काय बिघडलंय, सर?"

"काहीच नाही," सर म्हणाले. "चालतंय सगळं. पण यापुढं चालणार नाही, असं तोच म्हणतोय."

तरी मी उघडून पाहिला. पंख्याच्या पात्यांवर धुळीची गोधडी होती, ती ब्रशनं काढली. हार्ड डिस्क सावकाश, पण शाबूत. बॅटरी तास-सव्वा तास धरत होती. एका कोपऱ्यात बिजागरी जरा करकरायची. आठ वर्षांच्या यंत्राची तब्येत याहून चांगली मी क्वचित पाहिली आहे.

दुखणं बोर्डावर नव्हतंच, कॅलेंडरात होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज टेनला पाठबळ देणं थांबवलं. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. फक्त उद्या त्या सॉफ्टवेअरला कुठं भोक सापडलं, तर ते बुजवायला कुणी येणार नाही. घरगुती ग्राहकाला वर्षभराची वाढीव मुदत देऊ केली. त्यापुढं विंडोज इलेव्हन घ्या, म्हणाले. आणि इलेव्हन सरांच्या लॅपटॉपवर बसायला तयार नाही. त्याला टीपीएम २.० लागतं, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी एक छोटी तिजोरी. शिवाय प्रोसेसर मंजूर यादीतला लागतो. इंटेलचा असेल, तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. सरांच्या यंत्रात तिजोरी होती. बायोसमध्ये जाऊन मी ती चालूही करून दाखवली. पण पिढी सातवी! लॅपटॉपसाठीची आठवी पिढी जाहीर झाली ऑगस्ट २०१७मध्ये, आणि सरांच्या मुलीनं ऑक्टोबरात आदल्या पिढीचा माल सवलतीत मिळतो म्हणून घेतला. दोन महिन्यांनी हुकलं.

गंमत पुढं आहे. त्याच सातव्या पिढीतला ७८२०एचक्यू हा एक प्रोसेसर निवडक यंत्रांपुरता यादीत घेतला गेला. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सर्फेस स्टुडिओ २मध्ये तोच होता. घरचं कार्य असलं की मुहूर्त सापडतो.

सुरक्षेचं कारण खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. एखाद्या बँकेत, रुग्णालयात ती तिजोरी असायलाच हवी. पण सर मेल बघतात, नातवाचे फोटो साठवतात, नाट्यगीतं ऐकतात आणि सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त टाइप करतात. तेवढ्यासाठी धडधाकट यंत्र भंगारात घालायचं?

मी गेली पंचवीस-सव्वीस वर्षं पुण्यात संगणक दुरुस्त करतो. आमच्या धंद्यात याला 'चिप लेव्हल' म्हणतात. अख्खा बोर्ड बदलून द्यायचा नाही, त्यावरचा मेलेला घटक शोधायचा आणि तेवढाच बदलायचा. त्यामुळं यंत्र खरोखर मरतं कसं, हे मी जवळून पाहिलं आहे. धंद्यात आलो तेव्हा कॅपॅसिटर फुगण्याची साथ होती. बोर्डावरच्या त्या छोट्या नळकांड्यांची टोपणं वर आलेली, काहींतून तपकिरी रस गळलेला. आत भरलेलं द्रावणच सदोष होतं. तैवानमधल्या काही कारखान्यांतून निघालेला तो माल जगभरच्या नामांकित बोर्डांवर जाऊन बसला होता. आमची मात्र दिवाळी झाली. तापकीर गल्लीतून मूठभर कॅपॅसिटर आणायचे, जुना उपटायचा, उणे बाजूची पट्टी बघून नवा लावायचा, डाख द्यायची. मेलेला संगणक अर्ध्या तासात उठून बसायचा.

मग ग्राफिक चिपांचं प्रकरण आलं. २००८मध्ये एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिपांच्या बांधणीत दोष असल्याचं मान्य केलं आणि त्यापोटी पंधरा ते वीस कोटी डॉलरची तरतूद केली. असे लॅपटॉप दुकानात आले की आम्ही चिपेवर हीट गन धरायचो. आतले तडे गरमीनं तात्पुरते मिटायचे, स्क्रीन यायची, गिऱ्हाईक खूश. दोन महिन्यांनी तेच गिऱ्हाईक परत दारात. हे मीही केलं आहे, वर पंधराशे रुपये घेऊन. दुरुस्तीवाल्यांच्या नावानं लोक बोटं मोडतात ते अगदीच विनाकारण नाही.

पण हे सगळे दोष होते. कुणी ठरवून केलेले नव्हते, आणि त्यांना इलाज होता. गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्या टेबलावर येतं ते निराळं. रॅम बोर्डालाच डाखलेली, बॅटरी डिंकानं चिकटवलेली. अॅपलनं २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये हे दोन्ही केलं आणि पुढं बाकीच्या कंपन्यांनी कित्ता गिरवला. दोष एकट्या कंपन्यांचा नाही. दुकानात दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, तर गिऱ्हाईक आधी कुठला उचलतं, ते मी पाहतो. पातळ असतो तो. मात्र चार वर्षांनी आठची सोळा जीबी रॅम करून हवी असते, तेव्हा मला मान हलवावी लागते.

बॅटरीचं एकदा जवळून बघण्यासारखं आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत बहुधा सहा गोल सेल असतात, पेन्सिल सेलपेक्षा थोडे मोठे, दोन-दोनच्या तीन जोड्या. मी एका विद्यार्थ्याचा पॅक पातळ पात्यानं शिवणीवर उकलला. सहाही सेल काढले, एकाच बॅचचे नवे सहा आणले, निकेलच्या पट्टीनं स्पॉट वेल्डिंग केलं. मीटरवर साडेअकरा व्होल्ट, अगदी बरोबर. लॅपटॉपमध्ये घातला, तर दिवा लागेना. त्या पॅकमध्ये एक चिमुकली चिप असते. ती सेलची कुंडली लिहीत बसते: किती वेळा भरले, किती दमले. सेल काढताना तिचा व्होल्ट तुटला आणि तिनं आपल्या वहीत कायमचा शेरा मारला, 'पॅक मृत'. आता सोन्याचे सेल घातले, तरी ती दार उघडणार नाही. तो शेरा पुसायला वेगळं यंत्र आणि कंपनीचा परवलीचा शब्द लागतो.

आता हेही सांगतो, की हे कुलूप निव्वळ लबाडी नाही. लिथियमचे सेल कुणी अर्धवट माणसानं जोडले, तर पेट घेतात. माझ्याच टेबलावर एकदा वाळूची बादली कामी आली आहे. माझी तक्रार कुलपाबद्दल नाहीच. किल्ली प्रशिक्षित कारागिराला रीतसर, पैसे घेऊन का होईना, मिळत नाही, त्याबद्दल आहे.

प्रिंटरच्या बाबतीत मात्र मला एवढीही सबब सापडत नाही. शाईचा प्रिंटर स्वतःचं डोकं साफ करतो तेव्हा थोडी शाई खाली स्पंजात सोडतो. किती सोडली, याचा आकडा आत मोजला जातो. आकडा ठरलेल्या जागी पोचला की प्रिंटर लाल दिवे लुकलुकवत बसतो. पुढं छपाई नाही. आमच्या गल्लीतल्या झेरॉक्सवाल्याचा प्रिंटर असाच थांबला. तो कंपनीच्या सेंटरमध्ये जाऊन आला. तिथं त्याला सांगितलं, यापेक्षा नवा घ्या, स्वस्त पडेल. मी स्पंज काढला, नळाखाली धुतला, दोन दिवस गच्चीत वाळवला, परत बसवला. स्पंज कोरडा ठणठणीत, तरी प्रिंटर अडूनच, कारण तो स्पंजाकडं बघतच नाही, आकड्याकडं बघतो. शेवटी एका छोट्या सॉफ्टवेअरनं आकडा शून्यावर आणला. पाच मिनिटं लागली. तो प्रिंटर अजून चालतोय.

या विषयावर लिहिणारे हटकून १९२४ सालच्या जिनिव्हापासून सुरुवात करतात. तिथं बल्ब बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी एकत्र येऊन बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणायचं ठरवलं. गोष्ट खरी आहे. पण माझ्या टेबलावर कट क्वचित दिसतो. दिसते ती बेफिकिरी: विकलं, वॉरंटी संपली, आता तुमचं तुम्ही बघा. बेफिकिरीला कायद्यानं वठणीवर आणता येतं. फ्रान्सनं २०२१पासून लॅपटॉप आणि फोनवर 'दुरुस्त करायला किती सोपा' याचे दहापैकी गुण छापायला लावले. युरोपीय संघात जून २०२५पासून विकायला आलेल्या नव्या फोनना सुटे भाग सात वर्षं पुरवावे लागतात आणि सॉफ्टवेअरचे अपडेट किमान पाच वर्षं. आपल्याकडं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं २०२२मध्ये समिती नेमली, त्याच वर्षअखेरीस 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. मी ते उघडून पाहिलं. कंपनीच्या सेवा केंद्राचा पत्ता मिळतो. मला हवा असतो बोर्डाचा नकाशा, कुठल्या रेषेवर किती व्होल्ट यायला हवेत तो. तो आजही मी इंटरनेटच्या आडवाटांवरून, चोरासारखा उतरवून घेतो आणि त्यावर प्रामाणिक धंदा करतो.

सरांच्या लॅपटॉपचं काय केलं ते राहिलं. हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची एसएसडी टाकली, नवी थर्मल पेस्ट लावली आणि लिनक्स मिंट बसवलं. फुकट मिळतं, आणि जुन्या यंत्रांना हाकलून लावायची त्या मंडळींना घाई नसते. इंटेलचा ३८६ हा प्रोसेसर १९८५मध्ये आला. लिनक्सच्या मूळ गाभ्यातून त्याचं नाव काढलं ते २०१२ संपता संपता. सत्तावीस वर्षं! मराठी टाइप करायला इन्स्क्रिप्ट चालू करून दिलं. आठवडाभर रोज एक फोन यायचा, "अहो, ते खाली कोपऱ्यात असायचं ते कुठं गेलं?" मग फोन थांबले. पण ज्यांचा हिशेब टॅलीत आहे, ज्यांना डिजिटल सही लावून टेंडर भरायचं असतं, त्यांना मी लिनक्स सुचवत नाही. त्यांना मी दुसऱ्या हाताचा आठव्या पिढीचा शोधून देतो. सगळ्यांना एकच काढा पाजणारा वैद्य मला आवडत नाही.

आणि आता तुमच्या हातातल्या या अंकाच्या भाऊबंदांविषयी. आप्पा बळवंत चौकाजवळच्या एका जिन्याखाली एक डीटीपीवाले काका बसतात. दर श्रावणात दिवाळी अंकांची घाई सुरू झाली, की त्यांचा फोन येतो, "अरे, म्हातारा पुन्हा कण्हतोय." म्हातारा म्हणजे त्यांचा विंडोज एक्सपीवाला संगणक. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीला २०१४च्या एप्रिलमध्ये निरोप दिला. त्यावर पेजमेकर ७ आहे, २००१ सालचं. त्याच्यापुढची आवृत्ती निघालीच नाही. मागं प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टात मराठी फॉन्टचं डोंगल घातलेलं. डोंगल काढलं की फॉन्ट मुके. तसलं पोर्ट नव्या संगणकाला नसतं.

मी त्यांना दरवर्षी म्हणायचो, काका, बदला आता. एकदा त्यांनी कपाट उघडून सीडींचे गठ्ठे दाखवले. वीस-बावीस वर्षांचे अंक, कवितासंग्रह, दोन शब्दकोश, कुणाकुणाची आत्मचरित्रं. त्यातली एक फाइल मी माझ्या लॅपटॉपवर उघडली. ज्ञानेश्वरांवरच्या लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबांचा चिवडा. त्या काळच्या फॉन्टांनी मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या घरात भाड्यानं ठेवली होती, आणि प्रत्येक कंपनीची घरं वेगळी. कनव्हर्टर मिळतात, पण रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो आणि ऱ्हस्व वेलांटी शेजारणीकडं जाते. मग पुन्हा एकदा सगळं वाचायला मुद्रितशोधक हवा. शब्दकोशाचं असं मुद्रित वाचायला पैसे कोण देणार?

विंडोजमध्ये युनिकोडचं देवनागरी २०००पासून आहे. तरी आपले अंक, पुस्तकं, कित्येक सरकारी कागद पुढं पंधरा-वीस वर्षं जुन्याच फॉन्टांत होत राहिले. लॅपटॉप फेकला तर निदान भंगारवाला किलोवर पैसे देतो. त्या सीडींतल्या मराठीला तेवढेही मिळणार नाहीत. म्हणून संपादकांना, प्रकाशकांना एकच विनंती आहे: छपाईला द्याल त्याची एक प्रत युनिकोडमध्ये, साध्या मजकुराची, ठेवत चला. आणि जुन्या सीडी असतील, तर त्या वाचणारं एखादं म्हातारं यंत्र अजून कुठं जिवंत आहे तोवर उघडून घ्या.

काकांच्या म्हाताऱ्याला मी नेटची वायर लावू दिलेली नाही. त्याच बनावटीचे आणखी दोन बोर्ड जुन्या बाजारातून आणून माळ्यावर ठेवले आहेत. यंदा नारळी पौर्णिमेच्या सुमारास तो पुन्हा बसला. तीन कॅपॅसिटर फुगले होते. दहा-दहा रुपयांचे तीन घातले, रात्री नऊला पेजमेकर उघडलं. मजुरी घेतली नाही. छापून झाल्यावर अंक द्या, म्हटलं.