चांद्याच्या दीक्षाभूमीवरून भामरागडकडे

नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, परमपूज्य बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. त्या पावन भूमीवर दरवर्षी १५ आणि १६ ऑक्टोबरला पांढऱ्या वस्त्रांतील जनसागर लोटतो. बॅ. राजाभाऊ खोब्रागडे यांच्या या शहरात त्या दिवशी रस्त्यारस्त्यावर भोजनदानाचे मंडप लागतात. गोरगरीब माणूसही पदरचे काही देऊन जातो. दान हा आपल्या सणाचा प्राण आहे.

वंदना आटोपून आम्ही मूल-सावलीमार्गे गडचिरोलीची वाट धरली. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पिवळ्या पडत आलेल्या. हलका धान कापणीला आला होता. वैनगंगा ओलांडली की १९८२ साली चांद्यातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा लागतो. पुढे साग, मोह, बांबू आणि लांब लांब अंतरावरची गावे.

कापणीचे हे दिवस मजुराच्या कमाईचे. नेमके तेव्हाच लेकरू आजारी पडले तर? विदर्भात आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेल घरोघरी माहीत आहे. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल वेदनेने तळमळते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक धोका असतो. अशा मुलाला वर्षातून कितीदा दवाखान्यात ठेवावे लागेल याचा नेम नाही.

सरकारी दवाखान्यात उपचार मोफत आहेत. पण खाटेशेजारी बसलेल्या आईचे जेवण कोठून यायचे? बापाची मजुरी बुडते. घरची धाकटी दोघे शेजारणीच्या भरवशावर राहतात. गावाहून येजा करायची तर भाडे पडते. चार-पाच दिवसांत हातातले पैसे संपतात आणि मायबाप ‘सुट्टी द्या’ म्हणू लागतात. उपचार अर्धवट राहतो. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. खरे तर त्यांना भूक घरी नेते.

धानोरा रस्त्यावर चातगावजवळ शोधग्राम आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ साली ते वसवले. दवाखाना कसा हवा, हे त्यांनी आदिवासींनाच विचारले. मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, असे लोकांनी सांगितले. म्हणून तेथे झोपड्यांचे गाव उभे राहिले. रोग्यासोबत घरच्यांनी राहावे अशीच त्याची रचना. दंतेश्वरी हे नावही लोकांच्याच देवीचे.

तेथून आलापल्लीच्या दाट जंगलातून आम्ही भामरागड तालुक्यात हेमलकशाला गेलो. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो चालवला. सुरुवातीच्या काळात झाडाखालीच उपचार होत. माडिया रोग्याबरोबर अख्खे कुटुंब चालत येई आणि तेथेच चूल मांडी. घरची माणसे जवळ होती म्हणून रोगी टिकून राहिला.

शासनानेही हे ओळखले आहे. नवसंजीवनी योजनेत आदिवासी भागातील कुपोषित बालकासोबत दवाखान्यात राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची तरतूद आहे. परंतु प्रत्येक आजार आणि प्रत्येक गाव त्यात बसत नाही. उरलेले आपण करायचे.

भगवंतांनी आजारी, एकाकी पडलेल्या भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले आणि रोग्याची सेवा ही माझीच सेवा असे संघाला शिकवले. गाडगेबाबांनी देवळे न बांधता धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाच्या दादरच्या धर्मशाळेत आजही कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे सोबती राहतात. हा वारसा आपलाच आहे.

म्हणून विहाराविहारातील उपासक-उपासिकांना आमची विनंती आहे. यंदाच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दानातून एक वाटा वेगळा काढा. जिल्हा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना विचारा, कोणत्या मुलाची आई उपाशी बसली आहे. तिला दोन वेळचा डबा, एक चादर, एक मच्छरदाणी द्या. महिला मंडळाने तिची घरची मुले सांभाळावीत. तरुणांनी रक्तदान करावे आणि त्या कुटुंबाची बांधी कापून द्यावी. फोटो नको, फलक नको.

पुतळ्याला हार घालणारे हात पुष्कळ आहेत. त्यातले दोन हात त्या खाटेपर्यंत पोहोचले, तर आई आणखी आठ दिवस लेकराजवळ राहू शकेल. कित्येकदा उपचार पुरा व्हायला तेवढेच दिवस हवे असतात.

नमो बुद्धाय! जयभीम!