घुबडवाल्याचा मुलगा

नव्या टीममध्ये ओळखी चालल्या होत्या. मॅनेजरनं प्रत्येकाला विचारलं, ‘तुमचा क्लेम टू फेम काय?’ शब्दशः घेतलं तर हा कीर्तीवरचा दावा. पण गप्पांमध्ये तो बहुतेकदा अर्धवट थट्टेत वापरतात: नाव व्हावं असं फारसं काही केलेलं नाही, तरी सांगण्यासारखी एखादी गोष्ट आहे. एकीनं शाळेच्या नाटकात झाड झाल्याचं सांगितलं. मी म्हणालो, ‘तारेत अडकलेलं घुबड सोडवताना माझ्या बाबांचा फोटो पेपरात आला होता.’ सगळे हसले. माझं काम झालं.

बाबा वायरमन होते. तेव्हापासून गावात त्यांना ‘घुबडवाले’ म्हणतात.

घरी येताना मात्र ग्रेस हॉपर आठवल्या. कॉम्प्युटरमधला पहिला ‘बग’ त्यांनी पकडला, असं आम्ही कॉलेजात ऐकलं होतं. 1947 साली हार्वर्डच्या ‘मार्क टू’ यंत्राच्या रिलेमध्ये एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला, हे खरं. पण तो पकडला दुसऱ्यांनी. हॉपर तो किस्सा रंगवून सांगत. यंत्रातल्या दोषाला ‘बग’ म्हणणंही जुनंच. एडिसनच्या 1878च्या पत्रात तो शब्द आहे. हॉपर यांचं स्वतःचं काम वेगळं होतं. 1952 साली त्यांनी ‘ए-झिरो’ हा सुरुवातीचा कंपायलर तयार केला. पुढे इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहिता येणारी ‘फ्लो-मॅटिक’ आली आणि तिच्या पायावर ‘कोबोल’. एवढं सगळं करून लोकांच्या लक्षात राहिला तो पतंग.

आणि मी बाबांचं तेच केलं होतं. भर पावसात, मध्यरात्री, टॉर्च घेऊन फॉल्ट शोधायला निघालेले बाबा मी लहानपणापासून पाहिले होते. परीक्षेच्या दिवसांत दिवे गेले की मी चिडायचो आणि ते सायकल काढायचे. मीटिंगमध्ये यातलं काहीच मला आठवलं नाही.

रात्री फोन करून त्यांना हे सांगितलं. ते हसले. म्हणाले, ‘अरे, घुबडाचा फोटो निघाला. दिवे आले की सगळे घरात जातात, तिथं कोण थांबतंय फोटो काढायला?’

मग त्यांनी विचारलं, ‘जेवलास का?’